सातव्या आवर्तनातला श्वास

माझ्यावाचून ऑफिसचं पान हलत नाही, असं मला मनापासून वाटायचं. अंधेरीच्या एका विमा कंपनीत मी दाव्यांचा विभाग सांभाळते. दोन वर्षं एक रजा नाही. शेवटी हात थरथरू लागले, लेकीशी बोलताना वाक्य अर्ध्यावरच हरवू लागलं. डॉक्टरांनी पंधरा दिवस सक्तीची विश्रांती लिहून दिली, ती चिठ्ठी मी पर्समध्ये तशीच फिरवत होते. देवावरही रुसले होते. एवढं मरमर राबणाऱ्या माणसाला थोडी ताकद द्यायला त्याचं काय जात होतं?

अशात संकष्टीच्या सकाळी सासूबाईंचे गुडघे आखडले. पार्ल्यातल्या आमच्या गणपतीच्या देवळात अकरा बायका मिळून स्तोत्राची एकवीस आवर्तनं करतात. "माझी जागा रिकामी ठेवू नकोस गं," त्या म्हणाल्या. गेले, आणि स्वभावही सोबत नेला! सगळ्यांत मोठा आवाज माझा, एक शब्द सुटता कामा नये, श्वाससुद्धा चोरून घ्यायचा. सातव्या आवर्तनात आवाज बसला आणि लहानपणापासून पाठ असलेले शब्दच आठवेनात. आता माझ्यामुळे सगळं अडणार, या भीतीने घाम फुटला.

काहीच अडलं नाही. शेजारच्या हिरव्या लुगड्यातल्या आजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "श्वास घे गं बाई. अकरा जणी कशाला बसतो आपण?" एवढं बोलून त्या पुन्हा म्हणू लागल्या आणि थोड्या वेळाने स्वतःच थांबल्या. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, प्रत्येक बाई मध्येच थांबून श्वास घेत होती. आवाज मात्र कुठेच तुटत नव्हता. मला रडू आलं, मग हसू फुटलं. उरलेली आवर्तनं संपूच नयेत असं वाटलं.

प्रसाद घेऊन वळले तर आजी दिसल्या नाहीत. देवळाच्या पायरीवरूनच हाताखालच्या कदमला फोन केला.

"पंधरा दिवस तू सांभाळशील का रे?"

"झकास, मॅडम! तुम्ही कधी सांगताय याचीच वाट बघत होतो."

घरी सासूबाईंना आजींबद्दल विचारलं. वीस वर्षं तिथे बसणाऱ्या त्या, पण अशा कुणी त्यांना आठवेनात. मी जास्त खोलात शिरले नाही.

आता हात स्थिर आहेत. दर संकष्टीला सासूबाईंच्या जागी मीच बसते, आणि सातव्या आवर्तनात मुद्दाम दोन ओळी गप्प बसते. माझ्या वाटचं तेवढं बाकीच्या दहा जणी देवापर्यंत पोहोचवतात, आणि मी नुसती हात जोडून ऐकते.