आपला माणूस आणि खिडकीची काच

मंगळवार. हॉलच्या खिडकीची तडकलेली काच बदलायची आहे. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि खिडकीखाली बिल्डिंगमधली पोरं खेळतात. म्हणून मी म्हटलं, काच कंपनीचा प्रमाणपत्र असलेला फिटरच बोलवायचा. नवऱ्याने बोलावलं त्याच्या आत्येभावाच्या मेव्हण्याला.

त्याने तड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “नवी काच बसवून कडेने सिलिकॉन मारला की हलायची नाही, वहिनी.” मी प्रमाणपत्र विचारलं, तर तो नवऱ्याकडे बघून हसला. नवराही हसला. “अगं, आपलाच माणूस आहे!”

माझं डोकंच फिरलं. आपल्याकडे माणूस कोणाचा, हे आधी विचारतात. त्याला काम येतं का, हे विचारलं की अपमान होतो. ओळखीवर लग्नं जमत असतील, काच बसत नाही. आणि ती खाली येते तेव्हा कोणाचं नातं विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपला माणूस काच घेऊन हजर. मी आवारात, खिडकीच्या बरोबर खाली खुर्ची नेऊन ठेवली आणि नवऱ्याला म्हटलं, “तो काच बसवेपर्यंत तू इथे बस.”

नवऱ्याने एकदा वर पाहिलं. मग माझ्याकडे कंपनीचा नंबर मागितला.