शुक्रवारची भाकर

आमच्या आईची प्रार्थना म्हणजे लांबण. चूल पेटवण्याआधी गुडघे टेकायची आणि नातेवाईक, गुरंढोरं, पाळकसाहेब, सगळ्यांची हजेरी घ्यायची. भाऊ हळूच म्हणायचा, "मेहकरची यष्टी राह्यली नं माय, तिलेही आशीर्वाद दे." मला हसू आवरायचं नाही. गावात ख्रिस्ती घर आमचं एकटंच. विश्वासात टिकायचं तर रोजचं काही चुकवायचं नाही, हे आईचं ठाम मत. सकाळची प्रार्थना, संध्याकाळी पवित्र शास्त्राचा एक अध्याय, जेवणाआधी देवाचे उपकार, आणि शुक्रवारी दुपारपर्यंत उपास.

बीटी कपाशी आली तेव्हा बोंडअळी विसरा, असं सगळेच सांगत. काही वर्षं ते खरंही ठरलं. मग गुलाबी अळी आली आणि भाऊ पुन्हा पाठीवर पंप घेऊन हिंडू लागला. कपाशी डोक्याच्या वर गेलेली. औषधाचा फवारा त्याच्याच तोंडावर यायचा.

त्या शुक्रवारी सकाळी त्यानं चुलीपाशी येऊन विचारलं, "माय, आज फवारनी हाये. भाकर खाऊन जाऊ काय?"

"दुपारपर्यंत थांब," आई म्हणाली. "देव ताकद देते."

तो हसतच गेला. शेजारच्या शेतातल्या चाचांनी त्याला बैलगाडीत घालून आणलं तेव्हा तोंडाला फेस होता. मेहकरला डॉक्टरांनी विचारलं, सकाळी काय खाल्लं होतं? आईनं सांगितलं. उपाशीपोटी फवारायचं नसतं, एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी भाऊ गेला.

दफनावरून परतल्यावर बाबा ओट्यावरच बसले. भिंतीकडे बघत आईला म्हणाले, "तुह्या उपासानं नेलं पोराले."

मला वाटलं, संपलं एकदाचं हे सगळं. खरं तर ते संपावं असंच मला वाटत होतं. देवाचा संताप आला होता, आणि आईचाही. पण संध्याकाळी तिनं शास्त्र उघडलं आणि जिथं खूण होती तिथून पुढं वाचायला लागली. मी उठून बाहेर गेले.

पुढच्या शुक्रवारी आईनं सकाळीच चूल पेटवली, एक भाकर थापली आणि ताट घेऊन बसली. डोळे मिटून म्हणाली, "प्रभू, या अन्नाबद्दल तुझे उपकार मानते." घास गिळवेना. पाणी पिऊन पिऊन तिनं ती भाकर संपवली.

"सुटला काय उपास?" बाबांनी दारातून विचारलं.

"उपाशी राहनं मले सोपं हाये," ती म्हणाली. "हे खानं जमत नाही. म्हनून आता हेच."

मरेपर्यंत तिनं ते चुकवलं नाही. बाबा प्रार्थनेला पुन्हा कधी बसले नाहीत, पण शुक्रवारी तिचं ताट रिकामं होईपर्यंत दारातून हलायचे नाहीत.

आई गेल्यानंतरच्या शुक्रवारी ते चुलीपाशी आले. "भाकर टाक एक," म्हणाले. मी ताट पुढं ठेवलं. ते नुसतेच बघत बसले.

"तू म्हन," ते म्हणाले. "माह्यानं नाही होत."

भाऊ गेल्यापासून माझा देवाशी अबोला होता. तरी मी डोळे मिटले आणि आईचे शब्द म्हटले. बाबांनी घास मोडला.