बोडका मारुती आणि आमचे मावसाजी

उभ्या वऱ्हाडात हरण्याची एवढी हौस असलेला माणूस आमच्या मावसाजींशिवाय दुसरा झाला नसेल. लोक जिंकायला आखाड्यात उतरतात. मावसाजी आपण हरलो हे सगळ्यांच्या आधी सांगायला उतरत. बाळापूरला नदीकाठी त्यांचा मळा होता, वांग्यांचा आणि शेवंतीचा, पण जीव सगळा फरी-गदक्यात. डाव्या हातात चामड्याची छोटी ढाल, ती फरी; उजव्या हातात कातडं मढवलेली काठी, तो गदका. आमच्या आखाड्यांचा रिवाज असा, की गदका अंगाला लागला की ज्याला लागला त्यानेच तोंडाने 'लागला!' म्हणायचं. मारणाऱ्याने दावा सांगायचा नाही, पंचाने बोलायचं नाही. आता रिवाजच असा म्हटल्यावर माणसं थोडं इकडेतिकडे करणारच. जोरात बसला तर 'लागला' म्हणत, ओझरता बसला तर खोकून वेळ मारून नेत. मावसाजींचं तसं नाही. गदक्याचा नुसता वारा लागला तरी हे हात वर करून गर्जत, "लागला!" समोरचा बिचारा बावचळून आपल्याच गदक्याकडे बघत राही.

बरं, हे आखाड्यापुरतं असतं तरी चाललं असतं. अकोल्याच्या बाजारात माल आणला की आधी तिथली माती कपाळाला लावायची, पहिल्या गिऱ्हाइकाला वाकून सलामी द्यायची, आणि मग टोपलीवरचं फडकं काढायचं. एखादी बाई म्हणाली, "वांगे किडके दिसून राहिले बाप्पा," की छातीवर हात मारून "लागला!" आणि अख्खी टोपली गाईपुढे रिकामी. माझ्या थोरल्या भावाच्या लग्नात, व्याह्यांच्या भरल्या मांडवात मावशी त्यांच्यावर करवादली, "आज तरी धुतलेलं धोतर नेसा लागत होतं!" तर या गृहस्थांनी दोन्ही हात वर करून "लागला!" म्हणत तिला सलामी ठोकली. नवी वहिनी पदरात तोंड लपवून हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशी म्हणे, "साऱ्या जगाचं बोलनं या मानसाले लागते, माहं तेवढं कधी लागत नाई."

मीही तेव्हा मावसाजींच्याच अकोल्याच्या आखाड्यात खेळत असे. मॅट्रिक होऊन कचेरीत चिकटलेला, इस्त्रीचा शर्ट घालणारा, आणि हे आपले नातेवाईक आहेत ही गोष्ट शक्यतो चारचौघांत न सांगणारा. ती लपत मात्र नसे. मैदानाच्या त्या टोकाहून मावसाजी हाळी देत, "काय रे बाबू, जेवला का?" की झालं, सगळा आखाडा माझ्याकडे वळून बघे.

दर थंडीत अमरावतीला शनिवार-रविवारचा मेळावा भरे. शनिवारी शिकणं-शिकवणं, रविवारी सामने. जो आखाडा जिंकेल त्याच्या मारुतीच्या डोक्यावर मानाचा जरीचा फेटा वर्षभर राहायचा. तो अमरावतीच्या मारुतीवरून उतरल्याचं कोणाला आठवत नव्हतं. आमचा मारुती बोडका. अमरावतीसाठी बडनेरा स्टेशनावर उतरलो की टांगेवालेसुद्धा म्हणत, "आले का बोडक्या मारुतीवाले!" आणि खरं सांगतो, मावसाजींसारखा हात अख्ख्या वऱ्हाडात नव्हता. त्यांनी तोंड आवरलं असतं तर तो फेटा कधीच अकोल्याला आला असता. आमचे वस्ताद, पोलिसातून पेन्शनीत निघालेले हवालदार, या एका गोष्टीने झुरत होते.

त्या साली शनिवारी मावसाजींकडे दर्यापूरची नवी मंडळी शिकायला दिली. यांनी काय शिकवावं? मिशाळ, दणकट बाप्यांची रांग उभी केली आणि दुपार उलटेपर्यंत त्यांच्याकडून नुसतं "लागला!" म्हणून घेतलं. "पोटातून म्हना! हातातला गदका कोनीबी शिकवते, तोंडातला मी शिकवतो!" कुंपणापलीकडे बघ्यांची गर्दी हसून लोळत होती. वस्तादांनी कपाळावर हात मारला. मी एका झाडामागे उभा राहून आपण दर्यापूरचेही नाही आणि अकोल्याचेही नाही असा चेहरा केला होता.

रविवारी नशिबाने सामने बरोबरीत आले. शेवटची जोड मावसाजी आणि अमरावतीचे वस्ताद यांची. उतरायच्या आधी आमच्या वस्तादांनी मावसाजींना बाजूला घेतलं. "हे पाहा भाऊ, आज मैदानात तोंड उघडसान तं मारुतीची आन हाय." मावसाजींचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी नुसती मान हलवली.

खेळ असा झाला की बघणारे श्वास घ्यायला विसरले. मध्येच अमरावतीकरांचा गदका मावसाजींच्या बरगडीला चाटून गेला. मी जवळ होतो, मला बंडी हललेली दिसली. मावसाजींचं तोंड उघडलं. त्यांनी आमच्या वस्तादांकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. चेहरा वांग्यासारखा काळानिळा पडला. पुढच्याच क्षणी त्यांचा गदका समोरच्याच्या खांद्यावर टेकला आणि तो मोठा माणूस खणखणीत आवाजात म्हणाला, "लागला!" आम्ही नाचलो. ढोल वाजले. फेटा ताटात घालून आमच्या वस्तादांच्या हाती दिला, तर म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग सगळ्या आखाड्यांची एकत्र पंगत बसली. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वरण, आणि मावसाजींच्याच मळ्यातल्या वांग्यांची भाजी. घासाला हात घालणार, तोच मावसाजी पत्रावळीवरून उठले.

"लागला होता!"

आमचे वस्ताद दबक्या आवाजात ओरडले, "बसा खाली! आन घेतली व्हती ना तुमी?"

"आन मैदानातली व्हती. ही पंगत हाय," मावसाजी म्हणाले. "माह्या बरगडीले गदका लागला व्हता, मी बोललो नाई. चोरीचा फेटा मारुतीच्या डोक्यावर कसा बांधू? घ्या तुमचा तुमाले."

आमच्यातल्या एकाचीही मान वर नव्हती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. अमरावतीच्या वस्तादांनी हातातला रोडगा खाली ठेवला. "मले माईत हाय," ते शांतपणे म्हणाले. "माह्याच हातचा वार, मले नाई समजनार? कवाचा तुमचीच वाट पाहून राहिलो व्हतो." ते उठले, आपल्या हाताने मावसाजींच्या पत्रावळीवर रोडगा वाढला आणि म्हणाले, "आता जेवा."

परतीच्या गाडीत मावसाजींशी कोणी बोललं नाही. रिकामी टोपली मांडीवर घेऊन ते दाराशी बसले होते. मी दुसऱ्या बाकावर. त्यांनी एकदा विचारलं, "बाबू, जेवला ना पोटभर?" मी खिडकीबाहेर बघितलं.

त्यानंतर दर शनिवारी बाळापूरहून येताना ते शेवंतीची लांबच लांब माळ आणत. आमच्या मारुतीच्या डोक्याला ती फेट्यासारखी गुंडाळत आणि म्हणत, "सध्या इतकंच हाय देवा, पन आपलं हाय." पोरं हसत. मीही हसत असे.

अकोल्याने फेटा जिंकला तो पुढे बऱ्याच वर्षांनी, तेव्हा मावसाजी नव्हते. बांधायचा मान माझ्याकडे आला. चौथऱ्यावर चढलो तर मारुतीच्या माथ्यावर शेंदरात बारीक बारीक वळ उठलेले, वर्षानुवर्षांच्या माळेच्या दोऱ्याचे. खालून मंडळी घाई करत होती. जरीचा फेटा हातात धरून मी तसाच उभा राहिलो, आणि माझ्याही नकळत तोंडातून शब्द निघाला, "लागला."