मोरीतला आवाज

माझ्या कॉम्प्युटर गेममधलं घर मी पहिल्यांदा उभं केलं तेव्हा त्याला दारं लावली होती. पुढचं दोन फळ्यांचं, मधल्या खोलीचं आणि मागच्या अंगणाचं. आई मेथी निवडता निवडता उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ स्क्रीनकडे बघून म्हणाली, "दारं कशाला लावलीस? शेवटी शेवटी दारं कुठे होती आपल्याकडे?"

तिचं बरोबर होतं. धार जिल्ह्यातल्या निसरपुरातलं आमचं घर धरणाच्या पाण्याखाली गेलं, त्याच्या आधीच गावातल्या सगळ्यांनी दारं, चौकटी, खिडक्या, पत्रे काढून नव्या वसाहतीत नेले होते. चांगलं सागवान पाण्याला कोण देईल? त्यामुळे पाणी यायच्या आधीचे काही आठवडे आम्ही बिनदाराच्या घरात राहिलो. आईने पुढे जुनं लुगडं टांगलं होतं. वारा आला की ते आत फुगायचं आणि कुणी तरी आत येतंय असं वाटायचं. मग ते खाली बसायचं आणि कुणीच नसायचं.

मी दारं काढून टाकली. त्या दिवसापासून तो गेम खरा सुरू झाला, असं मला वाटतं.

घर काही मोठं नव्हतं. पुढे दादांचं शिवणकामाचं दुकान, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर आणि त्याच्या कोपऱ्यात मोरी. दादा म्हणजे माझे वडील. आमचे पूर्वज धारच्या दरबारात कपडे शिवायला म्हणून दक्षिणेतून आले, असं घरात सांगायचे. दादांपर्यंत येता येता त्या वैभवातलं शिवणयंत्र तेवढं उरलं होतं. दुकानात गिऱ्हाइकांशी हिंदी, बाजारात निमाडी आणि मधल्या खोलीचा उंबरा ओलांडला की मराठी, असा आमच्या घराचा नियम होता. दादा हृदयविकाराने गेले ते पाणी यायच्या काही वर्षं आधी. त्यामुळे गाव सोडताना घरात आई आणि मी, दोघीच होतो.

त्यानंतर मी देवासला एका कंपनीत जाहिरातींसाठी थ्रीडी चित्रं करायची नोकरी धरली आणि आईला घेऊन टेकडीच्या पायथ्याशी भाड्याच्या घरात राहिले. वरचाच मजला हवा, हा आईचा एकमेव हट्ट होता. पण वरच्या मजल्यावर येऊनही ती न्हाणीघरातल्या मोरीच्या जाळीवर रोज पाटा ठेवायची. अंघोळ करणाऱ्याने तो उचलायचा, अंघोळ झाली की परत ठेवायचा. पाण्याची धास्ती बसली आहे, असं मी समजून होते. समजून घ्यायचं, आणखी काय!

भीतीचे गेम मला कॉलेजपासून आवडतात. त्यातले बरेचसे घरी परतण्याचेच असतात. माणूस खूप वर्षांनी घरी येतो, घर तसंच असतं आणि काही तरी तसं नसतं. खेळणाऱ्याला स्वतःचे हातही दिसत नाहीत, फक्त समोरचं दिसतं. तोच त्या घरात चालत असतो. असा एक गेम आपण करायचा आणि तो मराठीत करायचा, हे मी ठरवून टाकलं. मी शिकले हिंदी शाळेत. मराठी वाचताना अजून माझे ओठ हलतात. गेममधल्या चार पाट्या लिहिल्या तर आईने त्यातल्या तीन दुरुस्त केल्या. पण ठरलं होतं ते ठरलं होतं. सकाळी नोकरीवर जायच्या आधी आणि सुट्टीच्या दिवशी अख्खा दिवस, असं काम चालू झालं.

आवाजासाठी धारजवळच्या तिरल्याचा माझा एक कॉलेजमधला मित्र बरोबर होता. घरी मालवी बोलणारा, आमच्याशी हिंदी. मराठी त्याला समजायची, पण बोलताना लाजायचा. तो दर रविवारी बसने यायचा, आईच्या हातची आमटी खायचा आणि एकच विषय काढायचा. "दीदी, इसमें एक चुड़ैल तो डालनी पड़ेगी. खाली घर से कौन डरेगा?"

"नाही," मी म्हणायचे. "रिकामं घर आणि पाणी. बस."

पाणी मी मोरीतून आणलं होतं, कारण ते खरंच तिथूनच आलं. लोकांना वाटतं, पूर म्हणजे नदी धावत येते. आमच्याकडे तसं झालं नाही. पाणी मागच्या नाल्यात चढलं, नाल्यातून गटारात आणि गटारातून मोरीच्या भोकातून वर. आधी हवा आली. बुडबुड असा आवाज आला, आणि मग स्वयंपाकघराच्या फरशीवर गढूळ पाण्याचा एक पापुद्रा पसरला. मित्राने तो आवाज घागरीत नळी घालून, त्यात फुंकून तयार केला. इतका हुबेहूब झाला, की ऐकताच मी पाय खुर्चीवर घेतले.

तो आवाज स्पीकरवर लावला तेव्हा आई शेजारच्या खोलीत घड्या घालत होती. तिच्या हातून काही पडल्याचं ऐकू आलं. आम्ही धावलो. ती भिंतीला टेकून खाली बसली होती, दोन्ही कानांवर हात ठेवून. मित्राने पाणी आणलं, तिने ते घेतलं नाही. कानांवरचे हात काढून म्हणाली, "काय करून राहिलात तुम्ही लोक?"

मी गेम बंद केला. नुसता त्या दिवसापुरता नाही, कायमचा. मित्राला सांगितलं, सोडून देऊ. त्यालाही पटलं. आईच्या पुढे गेम कसला?

पुढचा आठवडा तसाच गेला. मग एका रात्री जेवणं झाल्यावर आईने आपली ताटली घासून ठेवली, पदराला हात पुसले आणि माझ्या खुर्चीवर येऊन बसली.

"कसं चालायचं ते दाखव."

"कुठे चालायचं?"

"त्या घरात. मी खेळणार."

"आई, नको. मी सोडला तो."

"मला विचारून सोडलास का?" ती म्हणाली. "मी भ्याले म्हणून तू काम टाकून देणार, आणि मी जन्मभर त्या जाळीवर पाटा ठेवत बसणार. असं किती दिवस चालायचं? दाखव."

मी दाखवलं. चार बटणांनी चालायचं, माऊसने बघायचं. पहिल्या दिवशी तिने सगळा वेळ छत आणि स्वतःचे पाय बघण्यात घालवला. तिला गरगरायला लागलं. दुसऱ्या दिवशी ती तोंडात लवंग धरून बसली. भिंतीला धडकायची, मागे सरायची, परत धडकायची. रागावली नाही, हसलीही नाही. शिवण उसवून परत घालावी तसं तिने ते घेतलं. हळूहळू ती दुकानातून मधल्या खोलीत येऊ लागली. मधल्या खोलीत कोनाडा कुठे होता आणि मी कुठे केला आहे हे तिने सांगितलं, मी बदललं. पण स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की आवाज यायचा, आणि ती उठून गॅलरीत निघून जायची.

मी आवाज बारीक करून ठेवला. तिच्या ते लक्षात आलं.

"जेवढा होता तेवढाच ठेव."

कितीदा ती उठून गेली ते मी मोजलं नाही. उठायची, गॅलरीत उभी राहायची, टेकडीवरच्या दिव्यांकडे बघायची. दुसऱ्या दिवशी रात्री परत हजर.

आणि मग एके दिवशी ती उठली नाही. आवाज आला, तिचा हात माऊसवर आवळला गेला, पण ती बसून राहिली. मी गेम असा केला होता की पाणी दिसताच खेळणाऱ्याने मागच्या अंगणातून बाहेर पडावं. थांबला तर स्क्रीन काळी होते. आई बाहेर पडली नाही. ती सरळ मोरीपाशी चालत गेली आणि तिने खाली वाकून भोकात बघितलं. तिथे मी काहीच केलं नव्हतं. नुसता काळा गोल होता.

"इथे काही नाही," ती म्हणाली.

"काय असायला हवं होतं?"

स्क्रीन काळी झाली. आई तिच्याकडेच बघत राहिली.

"तुला आठवतं, पाणी आलं त्या सकाळी मी काही बोलले होते?"

मला आठवत होतं. मी पुढे दुकानात गाठोडी बांधत होते. आतून आईने विचारलं होतं, पंचा देऊ का? मला वाटलं, मलाच विचारते आहे, ओलं काही पुसायला. मी नको म्हटलं होतं.

"तुला नव्हतं विचारलं," आई म्हणाली. "मोरीत आवाज झाला ना, तसाच आवाज तुझ्या दादांची अंघोळ झाली की व्हायचा. शेवटचा तांब्या ओतला की पाणी असंच बुडबुड करत जायचं. मी चुलीकडे तोंड करून होते. वाटलं, अंघोळ झाली यांची. मी म्हटलं, अहो, पंचा देऊ का? आणि तू नको म्हणालीस. पण मला ते तुझं वाटलंच नाही. मला वाटलं, तेच म्हणाले."

आईने माऊसवरचा हात काढून घेतला.

"पाण्याला मी नाही भीत. पाणी काय, येणार हे सगळ्यांना माहीत होतं. मला त्या क्षणी इतका आनंद झाला होता, की काय सांगू! मी वळून बघितलं तर पाणी. तो आनंद परत होईल, याची मला भीती वाटते."

एवढी वर्षं आम्ही एका घरात राहत होतो, आणि मी तिची भीती चुकीची समजून तिच्याशी जपून वागत होते. मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. आईने लवंग चावून टाकली.

"हे घाल तुझ्या खेळात," ती म्हणाली.

"हे नाही घालणार मी. हे तुझं आहे."

"माझं आहे म्हणूनच सांगते आहे, घाल. त्या पोराला म्हणावं रविवारी ये. मी बोलेन."

रविवारी मित्र आला. आम्ही कपाटासमोर गोधड्या टांगून आडोसा केला आणि त्यात आईला बसवलं. त्याला 'पंचा' शब्द कळला नाही. त्याला 'पंजा' ऐकू आलं आणि भुताचा पंजा म्हणून तो फार खूश झाला. आईने त्याला दादांचा जुना पंचा ट्रंकेतून काढून दाखवला. त्याने तो हातात घेतला, परत घडी घातली आणि मग चुड़ैलचं नाव पुन्हा कधी काढलं नाही.

"आंटी, थोड़ा डर के बोलिए," तो पहिल्यांदा म्हणाला.

"घाबरून नव्हतं म्हटलं," आई म्हणाली. "घाबरले नंतर."

"तो कैसे?"

"रोज म्हणतात तसं."

ते रोजच्यासारखं म्हणणं सोपं नव्हतं. कधी आवाज जड व्हायचा, कधी नाटकातल्यासारखा यायचा. ती पाणी प्यायची आणि पुन्हा आत जाऊन बसायची. आम्ही थांबू या म्हटलं की हाताने गप्प करायची. शेवटी तिने एक युक्ती केली. आमच्याकडे पाठ केली आणि पोळ्या लाटल्यासारखे हात हलवत, दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत असल्यासारखं म्हणाली, "अहो, पंचा देऊ का?"

मित्राने हळूच कानावरचे हेडफोन काढले. पुन्हा घेऊ या, असं कुणीच म्हटलं नाही.

तो गेम मी पावसाळा संपायच्या आत पुरा केला. आता खेळणारा स्वयंपाकघरात आला की मोरीत आवाज होतो, मागून बाईचा साधा आवाज येतो, आणि खेळणाऱ्यासमोर दोनच गोष्टी असतात: हो म्हणायचं किंवा नको. दोन्हींनंतर पाणी येतं. आईनेच तसं ठेवायला लावलं. तिचं म्हणणं, खोटं कशाला सांगायचं?

इंटरनेटवर टाकल्यावर तो फार लोकांनी खेळला नाही, पण जे खेळले त्यांच्यातले काही जण लिहीत होते. एकाने लिहिलं, की बाई बोलली तेव्हा आपण खोलीतला दिवा लावला आणि मग आईला फोन केला. मी ते आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, कुठला आहे तो? मला माहीत नव्हतं.

आई बरी झाली का, असं मित्र विचारतो. पाटा ती अजून ठेवते, पण कधी विसरते, आणि विसरल्याचं तिला दुसऱ्या दिवशी आठवतं. दादांबद्दल मात्र ती आता बोलते. बटाट्याची भाजी त्यांना कशी लागायची, कुठल्या गिऱ्हाइकाच्या पायजम्याचा एक पाय त्यांनी आखूड शिवला होता, असलं काहीही.

मध्यंतरी बऱ्याच जणांनी हिंदी आवाज मागितला. मित्र म्हणाला, एकच वाक्य आहे, आंटी पटकन बोलतील. मी आईला विचारलं. ती खिडकीत बसून गव्हातले खडे काढत होती.

"हिंदीत मी त्यांना कधी विचारलंच नाही," ती म्हणाली. "लोकांना खाली लिहून दे हिंदीत. वाचतील."

मी खाली हिंदीत लिहून दिलं.