डावा हात

शेजारच्या पाचवीतून हसण्याचा आवाज आला की माझं डोकं फिरायचं. त्या वर्गाच्या मॅडमना आमच्या शाळेत येऊन दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती, आणि गावातल्या आयाबाया मलाच गाठून सांगायच्या, "मॅडम लई चांगल्या हायत की!" माझी वीस वर्षं गेली चौथीला शिकवण्यात. मला कधी कुणी तसं म्हणालं नाही. जळायचे मी, खोटं कशाला बोलू?

मॅडम पोरांसमोर बिनधास्त म्हणायच्या, "हे गणित मलापण अडलंय. कोण बघतंय करून?" मी कपाळावर हात मारून घ्यायचे. बाईलाच येत नाही म्हटल्यावर वचक काय राहणार, डोंबलाचा?

माझी रीत वेगळी. साहेब तपासणीला आले की वर्गातले सगळे हात वर दिसायला हवेत. म्हणून पोरांना जूनमध्येच पढवून ठेवायचे आणि रोज तसाच सराव घ्यायचे. येतंय त्यानं उजवा हात वर करायचा, येत नाही त्यानं डावा. उठवायचे फक्त उजव्यांना. साहेब खूश आणि मी सुटले. खरं म्हणजे साहेबांना सगळ्यात जास्त मीच भ्यायचे.

एक पोरगी माझ्याकडे वर्षभर डावाच हात वर करत बसली. पुढं ती पाचवीत, त्या मॅडमकडे गेली.

त्या वर्षी साहेब पाचवीत गेले तेव्हा मी मुद्दाम दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, बघू आता फजिती! साहेबांनी अपूर्णांकांची बेरीज घातली. निम्मे हात खालीच. तेवढ्यात ही पोरगी उठली. "सर, नीट येत न्हाय, पण करून बघतो की." फळ्यावर चुकली, पुसलं, परत केलं आणि उत्तर बरोबर आलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम नुसत्या हसत होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अगं, आधी माझ्या वर्गात होती ना ती!

पुढच्या आठवड्यात मॅडम रजेवर होत्या, म्हणून पाचवी माझ्याकडे आली. मी फळ्यावर तेच गणित लिहिलं. माझ्यासमोरही तिनं ते सोडवावं, एवढाच माझा हट्ट.

"कुणाला येतंय?" मी तिच्याकडेच बघत विचारलं.

तिनं खाली मान घातली आणि डावा हात वर केला.