फळीवरच्या बाटल्या

गुरुजींनी पोरीला घरी पाठवलं तेव्हा मी तांदूळ निवडत होते. ती दारातच उभी राहिली, दप्तर खांद्याला तसंच.

"बाटली नाई तं वर्गात बसू देत नाई म्हनते गुरुजी. झाकनाची पाह्यजे. अन् पानी उकळलेलं."

त्या पावसाळ्यात गावात हगवण-उलट्यांची साथ होती. दवाखान्याची माणसं येऊन विहिरीत लाल औषध टाकून गेली होती. दुसरीतल्या एका लेकराला बैलगाडीत घालून गिरडपर्यंत आणि तिथून एसटीनं पुढे न्यावं लागलं. ते वाचलं, पण घरी आल्यावर कितीतरी दिवस भिंत धरून चालायचं. तेव्हापासून गुरुजींनी शाळेची रीतच बदलली. वर्गातल्या रांजणातलं पाणी सगळी पोरं एकाच गिलासानं प्यायची, बोटं बुडवून काढायची. तो रांजण त्यांनी अंगणात पालथा घातला. रोज पोरांच्या दोन आयांनी येऊन फिनेलच्या पाण्यानं फरशी पुसायची, अशी पाळी लावली. आणि आता ही बाटली.

मी चौथीपर्यंत शिकले. माझ्या माहेरी शाळा तेवढीच होती, पुढे कोणी विचारलंही नाही. पोरगी आता चौथीत होती. पाचवीला शेजारच्या गावी जायचं तिच्या मनात होतं. माझ्याही होतं, पण मी ते कुणाजवळ बोलले नव्हते. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणत असे, कधीच्या सांगत होत्या की पोरीनं आता लहान भावाला सांभाळावं, म्हणजे मी शेतात निंदणाला मोकळी होईन.

"बरं झालं," त्या ओसरीवरून म्हणाल्या. "राहू दे घरीच. रोग सरला का पाहू."

"कधी सरन?" पोरीनं विचारलं.

"मले का तार येते त्याची?"

पोरीनं दप्तर खुंटीला अडकवलं. एकदा घरी बसलेली पोर परत उठत नाही, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. तांदळात खडे दिसेनात. उठले, आत गेले, बाहेर आले.

घरात बाटली एकच होती, राकेलची. तिचा वास जन्मात गेला नसता. दुकानदाराकडच्या रिकाम्या बाटल्या सकाळीच संपल्या होत्या.

पण दुसऱ्या बाटल्या होत्या. गोठ्यात, गुरांच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगामागे. आमचा जिल्हा दारूबंदीचा. गाव मात्र हद्दीच्या जवळ, आणि बाजाराच्या दिवशी पलीकडून काय काय येत असे. आमच्या घरातही येत होतं. पोरीचे वडील, म्हणजे हे, समजत होते की कोणाला ठाऊक नाही. मी समजत होते की आत्याबाईंना ठाऊक नाही. आत्याबाई काय समजत होत्या, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

दुपारी हे शेतात असताना मी दारूची एक रिकामी बाटली, अद्धा, काढला. विटेच्या तुकड्यानं घासून कागद काढला. राखेनं धुतला, मग कडुलिंबाचा पाला आत कोंबून गरम पाण्यानं हलवला. वास घ्यायची, पुन्हा धुवायची. शेवटी बाटलीला वास आहे की माझ्या हातांना, हेच कळेना.

सकाळी पाणी उकळून, निवू देऊन भरलं. पोर बाटली दप्तराआड धरून गेली. तिनं काही विचारलं नाही. म्हणजे तिलाही कळलं होतं.

गुरुजी दारात उभे राहून प्रत्येक बाटलीचं झाकण उघडून वास घेतात, असं मी ऐकलं होतं. त्या सकाळी मी एका जागी टिकले नाही. केर काढलेल्या जागी पुन्हा केर काढला. दोनदा बोळीच्या तोंडाशी जाऊन आले. पोर परत येताना दिसली नाही. दुपारची सुट्टी झाली तरी आली नाही. म्हणजे बसू दिलं होतं. तरी जीव थाऱ्यावर येईना.

दोन दिवसांनी फरशी पुसायची पाळी माझी आणि माझ्या चुलत जावेची आली. जाऊबाई तोंडाची मोकळी. पोरं अंगणात पाढे म्हणत होती. मी बादलीत फिनेल टाकलं, पाणी दुधासारखं झालं. जाऊबाई मात्र कमरेवर हात ठेवून भिंतीजवळ उभ्या. तिथे फळीवर सगळ्या बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या, प्रत्येकीच्या मागे भिंतीवर खडूनं पोराचं नाव.

"पाह्य वो," त्या म्हणाल्या, "सारं गाव उभं हाय इथं."

मी मान वर केली नाही.

"हे चपटी पाह्य. हा मानूस तं तंबाकूही खात नाई म्हनते. अन् हे मोठीवाली कोनाची?" त्यांनी वाकून नाव वाचलं. "अवं माय. भजनात पुढं बसते ना हा."

"जाऊ द्या ना, बाई. पोरं ऐकतीन."

"ऐकू दे. त्यायनंच तं आनल्या." मग त्यांना आमची दिसली. "तुह्यावालीचा कागद चांगला काढला वो. माह्या हातानं अर्धा राह्यलाच." आणि खरंच, शेजारच्याच बाटलीवर, त्यांच्या पोराच्या नावाखाली, कागदाचा कोपरा चिकटून होता.

त्या हसल्या तशी मीही हसले. फरशी पुसताना फिनेलनं डोळ्यांना पाणी आलं, तरी हसू थांबेना. पण घरी येताना पुन्हा भीती वाटू लागली. जाऊबाईंच्या पोटात गोष्ट राहणारी नव्हती.

राहिली नाहीच. सकाळी विहिरीवर बाया हसल्या, संध्याकाळी पारावर माणसं गप्प बसली. हे घरी आले ते पाय न धुताच ओसरीवर उभे राहिले.

"पोरीजवळ बाटली कोनं देल्ली?"

मी चुलीपाशी होते.

"उद्यापासून ते बाटली शाळेत दिसली नाई पाह्यजे. पोरगी जाईन तं खाली हातानं जाईन."

खाली हातानं गेली तर गुरुजी बसू देणार नव्हते. पोर दाराआड उभी होती, भावाला कडेवर घेऊन. मी तव्यावरची भाकर उलटली. मग कसं कोण जाणे, दाराकडे न पाहताच म्हणाले, "मंग दुसरी आनून द्या."

लग्नानंतर मी यांना उलट बोललेलं ते पहिलंच. तव्यावरून काढताना भाकर मोडली. हे गोठ्याकडे निघून गेले. आत्याबाई ओसरीवर वाती वळत राहिल्या.

सकाळी उठले तर आत्याबाई उजेडाला बसून शिवत होत्या. जुन्या लुगड्याचा काठ कापून त्यांनी एक खोळ केली होती, तोंडाशी नाडी घालून. बाटली त्यात घातली तर नुसतं झाकण दिसत होतं. त्यांनी ती पाण्यात बुडवून काढली आणि पोरीच्या हातात दिली.

"ओल्या फडक्यानं पानी गार राह्यते," त्या म्हणाल्या, मोठ्यानं, हे गोठ्यातून ऐकतील अशा आवाजात. "सांगजो गुरुजीले, आजीनं शिवली."

लेकाची लाज झाकायला शिवली की नातीसाठी, मी कधी विचारलं नाही. हे शेण भरत राहिले. पोर त्यांच्यासमोरून गेली.

पुढे फळीवर खोळीच खोळी झाल्या, लुगड्याच्या, सदऱ्याच्या, एक तर गादीच्या कापडाची. मग गुरुजींनी निरोप धाडला की ओल्या खोळींना कुबट वास येतो, रोज धुवून वाळवून पाठवाव्या. आत्याबाई आठ दिवस गुरुजींच्या नावानं बोटं मोडत होत्या, आणि खोळ स्वतःच धुवत होत्या.

साथ दसऱ्याच्या आधी ओसरली. रांजण धुऊन पुन्हा वर्गात आला, पण या वेळी त्यावर झाकण होतं आणि पाणी काढायला दांड्याचं ओगराळं. घरी बसायची गोष्ट आत्याबाईंनी त्यानंतरही काढली, एकदा नाही, पुष्कळदा. प्रत्येक वेळी मी हातातलं काम सोडून उभी राही, आणि पोर दप्तर घेऊन शाळेला निघून जाई.

जूनमध्ये पोर पाचवीला शेजारच्या गावी पायी जायला लागली. बाटली तीच. पहिली खोळ कुजली होती. दुसरीसाठी कापड हे बाजारातून घेऊन आले. आत्याबाईंच्या मांडीवर टाकलं आणि पाय धुवायला गेले.