फोनवरून बघितलेलं गॅदरिंग

आमच्या मंजूचं पहिलं गॅदरिंग मी टेलिफोनवरून बघितलं.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पाऊस बहुतेक जुन्याच जिल्ह्यात राहून गेला होता. नवी ऑफिसं, नव्या खुर्च्या, नव्या पाट्या. नळ तेवढे जुने, आणि तेही कोरडे. आमचे हे टंचाईच्या ऑफिसात कारकून. कुठल्या गावाला टँकर गेला, कुठल्या गावाचा अडकला, हे फोन करकरून विचारायचं त्यांचं काम. ते फोन जोडून द्यायचं काम माझं, कारण मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. म्हणजे नवरा-बायको दिवसभर एकमेकांशी बोलायचो, पण "नंबर प्लीज" आणि "उदगीर द्या" याच्या पुढं आमचा संसार सरकायचा नाही.

गॅदरिंग भर दुपारी ठेवलं होतं. संध्याकाळी टँकर यायचे, आणि टँकर आल्यावर पोटचं पोर नाचत असलं तरी आई घागर सोडून येणार नाही, हे हेडबाईंना पक्कं ठाऊक होतं. घरी असणाऱ्या आयांची सोय झाली. आमची पंचाईत झाली.

मी रजा मागितली, मिळाली नाही. ह्यांनी मागितली तर त्यांच्या साहेबांनी विचारलं, दुष्काळ रजेवर जातो का? ह्यांना उत्तर सुचलं नाही. (उत्तर सुचणारा माणूस नाहीच तो. लग्नाच्या वेळी मुलगी पसंत आहे का विचारलं तर "बघू" म्हणाले होते.)

मंजू दुसरीत होती आणि नाटकात ढग झाली होती. एकच वाक्य होतं, पण नाटकाचा सगळा जीव त्या वाक्यात होता. शेतकरी झालेली पोरं आभाळाकडं बघून विनवण्या करतात आणि शेवटी ढग येऊन म्हणतो, "रडू नका, मी पाणी घेऊन आले! घागरी काढा, रांजण काढा!" (ढग खरं तर पुल्लिंगी, पण मंजूसाठी बाईंनी तो स्त्रीलिंगी करून घेतला होता.) आम्ही दोघंही येणार नाही हे कळल्यावर ती रडली नाही. ताटातली भाकरी कुस्करत एवढंच म्हणाली, "मग मी बरसू कुणासाठी?"

आईच्या घशाखाली घास उतरू नये, एवढी सोय पोरीनं बरोबर केली.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर बसल्या बसल्या मला युक्ती सुचली. शाळेत फोन होता. तो हेडबाईंच्या खोलीत होता, आणि त्या खोलीची खिडकी हॉलमध्ये उघडायची. रिसीव्हर उचलून खिडकीत ठेवला की झालं! हेडबाईंचा मुलगा नांदेडला कॉलेजात होता आणि त्याचा ट्रंक कॉल मी नेहमी लवकर लावून द्यायचे, त्यामुळं त्या नाही म्हणाल्या नाहीत. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, मलाही जोड. मग सासूबाई राहिल्या. गुडघ्यांमुळं त्यांना शाळेपर्यंत चालवत नव्हतं. आमच्या गल्लीत फोन एकच, अप्पांच्या किराणा दुकानात. अप्पा म्हणाले, "आणून बसवा म्हातारीला, मी ऐकवतो." तीन लायनी एकमेकींत गुंफायची एक तऱ्हा आम्हा ऑपरेटर बायकांना माहीत होती. ती कुठल्या नियमात बसत नव्हती, पण बोर्डात बसत होती.

गॅदरिंगच्या दिवशी मी कानाला हेडफोन लावून नवरीसारखी नटून बसले. शेजारच्या बोर्डावरची रझिया म्हणाली, "तुम सुनो ताई, सुपरवायझर आए तो मैं देखती." मी शाळा जोडली, ऑफिस जोडलं, दुकान जोडलं. कानात पेटी वाजली, स्वागतगीत झालं, कुणाची तरी खुर्ची पडली. इतकं स्पष्ट ऐकू येत होतं की अंगावर काटा आला. तिकडं ऑफिसात हे साहेबांच्या समोरच बसलेले असल्यामुळं दर थोड्या वेळानं "हां उदगीर, बोला, ऐकायलोय" असं म्हणत होते. दुकानात सासूबाईंना कमी ऐकू यायचं, म्हणून अप्पा ऐकलेला प्रत्येक शब्द मोठ्यानं त्यांना सांगत होते. टँकर दुकानासमोरच थांबायचा, त्यामुळं गल्लीतल्या बायका सकाळपासून तिथंच घागरींचा नंबर लावून बसलेल्या असायच्या. त्यांचंही गॅदरिंग चाललं होतं.

नाटक सुरू झालं. शेतकरी रडले. विनवण्या झाल्या. आता ढग.

ढग बोलेना.

मी वाट पाहिली. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. ढग गप्प. विसरली पोरगी! एवढ्या लोकांसमोर, एकटी, आई नाही, बाप नाही. माझा माझ्यावर ताबा राहिला नाही. तोंडासमोरच्या माउथपीसमध्ये मी जीव खाऊन ओरडले, "रडू नका, मी पाणी घेऊन आले! घागरी काढा, रांजण काढा!"

खिडकीत पडलेल्या रिसीव्हरमधून माझा आवाज स्टेजपर्यंत कसा पोचणार, हा विचार टेलिफोन खात्यात इतकी वर्षं काढलेल्या बाईला यायला हवा होता. आला नाही. मी तेच वाक्य पुन्हा ओरडले.

तेवढ्यात लायनीवर एक पुरुषी आवाज आला, "कोण बोलतंय? कुठं आलं पाणी?" मला वाटलं अप्पाच. मी म्हटलं, "मधे मधे तोंड घालू नका हो. तुम्हाला काय कळतं त्यातलं? गप बसून ऐका."

ते अप्पा नव्हते. साहेब होते. सकाळपासून त्यांना उदगीर हवं होतं, आणि आमचे हे मघापासून उदगीरशीच बोलत होते. साहेबांनी "द्या इकडं" म्हणून रिसीव्हर काढून घेतला होता.

अप्पा मात्र आपलं काम चोख करत होते. सासूबाईंनी विचारलं, काय म्हणतीय? अप्पांनी दुकानाबाहेर जाईल अशा आवाजात सांगितलं, "सूनबाई म्हणायलीय, पाणी आलंय, घागरी काढा." सासूबाईंनी विचारलं, कुठं? अप्पा म्हणाले, "शाळेत हाय की!" पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. दुकानासमोरची रांग घागरी, हंडे, बादल्या घेऊन शाळेकडं पळाली. तिला पळताना बघून पुढची गल्ली पळाली. का पळतोय हे दुष्काळात कुणी विचारत नाही.

थोड्या वेळानं माझ्या कानात भांड्यांचा असा खणखणाट सुरू झाला की मला वाटलं पुढचा कार्यक्रम लेझीम असावा. मग हेडबाईंचा घाबरलेला आवाज आला. हॉलमध्ये बायका शिरल्यात, पाणी कुठाय विचारतायत, स्टेजवरच्या शेतकऱ्यांना बाजूला सारून एकीनं ढगापुढंच घागर ठेवलीय. "बाई, तुमच्या ह्यांनी आमच्या शाळेत टँकर पाठवलाय का?"

"कुठली शाळा?" साहेबांनी विचारलं. ते लायनीवरच होते.

माझे हात लायनी जोडणाऱ्या कॉर्डवर गेले. ओढावी आणि सगळं तोडून टाकावं, असं मनात आलं. पण तोडून ते माझ्यापुरतं संपलं असतं; त्या बायका तशाच उभ्या राहिल्या असत्या, आणि त्यांच्यात ढग होऊन माझी पोर. मी सगळं सांगितलं. मंजू, ढग, खिडकी, अप्पा, सगळं; फक्त ह्यांचं नाव तेवढं घेतलं नाही. माझी नोकरी आणि ह्यांची नोकरी एकाच लायनीवर लोंबत होती. साहेबांनी ते ऐकून घेतलं. मग ह्यांना म्हणाले, "पाणी आलं म्हणून बोलावलेल्या बायकांना रिकाम्या घागरी घेऊन परत पाठवता येत नाही. संध्याकाळचा टँकर आत्ताच तिकडं वळवा, आणि तुम्ही स्वतः बसून जा. येताना ह्या फोनवरच्या बाईचं नाव घेऊन या."

"नाव माहीत आहे, साहेब," हे म्हणाले. "घरचंच आहे."

आयुष्यात त्यांना वेळेवर सुचलेलं ते एकमेव उत्तर. साहेब हसले. नोकऱ्या वाचल्या.

टँकर येईपर्यंत बायकांना बसवून ठेवायला हेडबाईंनी नाटक पहिल्यापासून सुरू केलं. हॉल घागरींसकट भरला. पुन्हा शेतकरी रडले, पुन्हा विनवण्या झाल्या, आणि पत्र्याचा गडगडाट होऊन मंजू पुढं आली. खणखणीत आवाजात म्हणाली, "रडू नका, मी पाणी घेऊन आले! घागरी काढा, रांजण काढा!"

त्याच क्षणी बाहेर टँकरचा भोंगा वाजला. सगळे प्रेक्षक उठून पळाले. टाळ्या वाजवायला हात कुणाचाच मोकळा नव्हता. रिकाम्या हॉलमध्ये दारात उभा राहून टाळ्या वाजवणारा माणूस एकच होता, टँकरवर बसून आलेला. मी ते सगळं कानात प्राण आणून ऐकलं, आणि माझं बघून रझियानंही डोळे पुसले.

संध्याकाळी घरी गेले तर मंजू काजळाचा ढग तसाच गालावर ठेवून बसली होती. आपण बोललो आणि पाणी आलं, या आनंदात ती जमिनीवर नव्हतीच. मी तिला जवळ घेऊन म्हटलं, पहिल्यांदा विसरलीस म्हणून काय झालं, दुसऱ्यांदा किती छान म्हटलंस.

तिनं माझ्याकडं बघितलं. "विसरले कुठं? पत्रा वाजल्याशिवाय बोलायचं न्हाई, असं बाईंनी सांगितलं होतं. पत्रा वाजवणारी पोरगी पाणी प्यायला गेली होती. मी तिची वाट बघत होते." आणि मग विचारात पडून म्हणाली, "सगळं नाटक गप बसलं होतं गं आई. त्यात हेडबाईंच्या खिडकीतनं बारीक आवाजात ओरडलं कोण, तेच कुणाला कळालं न्हाई."

मी म्हटलं, असेल कुणीतरी येडी, आणि टँकरच्या पाण्यानं तिचं तोंड धुवायला घेतलं.